मदत हवी आहे: ग्राफिक्स कार्ड जुने १०८० टीआय घ्यावे की नवे ४०६०?

नमस्कार. माझ्या संगणकात रायझेन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड आणि ५५० वॉटचा पॉवर सप्लाय असून मॉनिटर १४४०पी (२५६०×१४४० पिक्सेल) आहे. एका परिचितांकडून जीटीएक्स १०८० टीआय हे २०१७ सालचे कार्ड नव्या आरटीएक्स ४०६० च्या साधारण निम्म्या किमतीत मिळत आहे. जुन्या कार्डात ११ जीबी मेमरी आणि ३५२ बिटचा बस (मेमरीशी माहितीची ने-आण करणारा मार्ग) आहे, तर २०२३ च्या ४०६० मध्ये ८ जीबी आणि १२८ बिट एवढेच. त्यामुळे १४४०पी वर टेक्स्चरचा (खेळातील पृष्ठभागांच्या चित्रांचा) दर्जा वाढवताच नवे कार्डच आधी अडखळेल, अशी मला शंका वाटते. दुसरीकडे, जुने कार्ड २५० वॉट घेते, नवे केवळ ११५, आणि डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचे चित्र एआयच्या मदतीने मोठे करणारे तंत्र) व रे ट्रेसिंगचे (प्रकाशकिरणांचे हुबेहूब अनुकरण) हार्डवेअर नव्यातच आहे. (रे ट्रेसिंगचे मला फारसे अप्रूप नाही.)

माझी खरी अडचण अशी की, ४०६० पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड व मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या मार्गाच्या) आठच लेन वापरते आणि माझा बोर्ड पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या, म्हणजे कमी वेगाच्या पिढीचा आहे. अशा बोर्डावर ४०६० वापरणाऱ्यांना, विशेषतः मेमरी भरल्यानंतर, खेळ अडखळल्याचा अनुभव आला आहे का? तसेच जुने कार्ड घेण्यापूर्वी तापमान आणि थर्मल पेस्टखेरीज आणखी काय तपासून घ्यावे, हेही कृपया सांगावे.