अ‍ॅपवर अ‍ॅटमॉस, सेट-टॉप बॉक्सवर मात्र पीसीएम: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. टीव्हीला साउंडबार एचडीएमआय एआरसीने (टीव्हीचा आवाज बारकडे नेणारी एचडीएमआय जोडणी) जोडलाय, ईएआरसी (तिची नवी, जास्त क्षमतेची आवृत्ती) नाही. टीव्हीतल्या अ‍ॅपवर सिनेमा लावला की बारवर ‘डॉल्बी अ‍ॅटमॉस’ (चहूबाजूंनी आणि वरूनही येणारा आवाज) उमटतं. सेट-टॉप बॉक्सवर मॅच लावली की नुसतं ‘पीसीएम’, म्हणजे साधा डिजिटल आवाज, डॉल्बी नाही.

केबल बदलली. टीव्हीचं डिजिटल आउटपुट ‘पासथ्रू’ (आलेला आवाज न बदलता पुढे पाठवणं) केलं. सीईसी (एचडीएमआयवरून उपकरणं एकमेकांना चालवतात ती सोय) चालूच आहे. ऑप्टिकल केबलमधून अ‍ॅटमॉस जातच नाही, म्हणून ती सुचवू नका. बारला एचडीएमआय पोर्ट एकच, त्यामुळे बॉक्स थेट बारला जोडता येत नाही.

बर्डीवरचा दुकानदार म्हणतो, ईएआरसीवाला टीव्ही घ्या. (त्याला काय, टीव्ही खपवायचाय.) अ‍ॅपचा अ‍ॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लस या दाबलेल्या (कॉम्प्रेस्ड) ऑडिओ फॉरमॅटमधून येतो आणि साध्या एआरसीतून व्यवस्थित जातो, मग अडचण एआरसीची कशी?

तर बॉक्सच्या सेटिंगमध्ये आवाज डॉल्बीवर करावा लागतो, की चॅनेलच स्टिरिओ पाठवतं? आणि यातलं नेमकं काय, हे घरच्या घरी ओळखायचं कसं?