जागेआधी पाणी संपतं

लहान मुलं घेऊन मोटरहोममध्ये, म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची आणि संडास-अंघोळीची सोय असलेल्या गाडीत, आठवडाभर राहिलं की जागेवरून भांडणं होतात, असं तुम्ही लिहिलंत, ते पटलं. आमच्याकडे मात्र जागेआधी पाणी संपलं. आम्ही पाच जण इंदूरहून मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर असे फिरलो. टाकी १०० लिटरची. घरच्या सवयीने प्रत्येकाने बादलीभर पाणी अंघोळीला घेतलं आणि पहिल्याच सकाळी टाकी रिकामी! मग अर्धी बादली, आणि भांडी आधी कागदाने पुसून मगच धुवायची. सांडपाण्याची टाकीही तितक्याच लवकर भरते. ती कृपा करून नर्मदेकाठी सोडू नका.

एसीचा हिशोब निघण्यापूर्वीच करा. १२ व्होल्टची २०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे २४०० वॅट-तास. १२०० वॅटचा एसी त्यावर फार तर दोन तास. महेश्वरला बाहेरून वीज घ्यायची सोय नव्हती. धाकटी रात्रभर रडली आणि मी नवऱ्यावर उगाच चिडले. त्याचं अजून वाईट वाटतं.

तरी पुन्हा जाणार, ते सासूबाईंसाठी. वाटेत संडासाची पंचाईत होते म्हणून त्या कित्येक वर्षांत कुठे आल्या नव्हत्या. या वेळी स्वतःहून म्हणाल्या, "चला, मीही येते." पहाटे महेश्वरच्या अहिल्या घाटावर नातीचा हात धरून तासभर बसल्या होत्या. मी गाडीत चहा केला आणि तिथेच नेऊन दिला.