३ लाख किमीच्या इंजिनात कॅमशाफ्ट बदलायचाय, बुशपण झिजलेत... इंजिन खाली उतरवावंच लागेल का?

टक_टक_टॅपेट
नमस्कार मंडळी. गाडी जुनी आहे, ४ सिलिंडर पेट्रोल, पुशरॉडवालं इंजिन म्हणजे कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) खाली ब्लॉकमध्ये आणि तो टॅपेट व लांब पुशरॉडमधून वरचे रॉकर हलवतो, चाललीय ३ लाख १० हजार किमी. दोनेक महिने वरून टक टक आवाज येत होता म्हणून टॅपेट क्लिअरन्स (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) दोनदा सेट केला, आठ दिवस बरं वाटतं आणि परत सुरू. शेवटी काल रॉकर कव्हर काढलं, मुलीला क्रँक पान्याने हळूहळू फिरवायला सांगितला आणि मी बघत बसलो, तर तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट रॉकर बाकीच्यांपेक्षा कमी हलतोय हे नुसत्या डोळ्यांना दिसलं. डायल गेज लावून मोजलं, बाकी सगळ्या पुशरॉड ६.५ ते ६.७ मिमी उचलतायत, ही फक्त ४.८. बाजूचं झाकण काढून तो टॅपेट बाहेर घेतला तर तळाला वाटीसारखा खड्डा, कडेला नख अडकेल अशी धार.

ऑइल प्रेशर डॅशबोर्डवर विश्वास न ठेवता वेगळा गेज लावून बघितलं. थंड असताना ४५ पीएसआय, पण चांगली गरम झाली की आयडलला ८-९ आणि २००० आरपीएमला १८. टायमिंग कव्हर उघडून कॅमचं चाक हातात धरून वर-खाली केलं तर खट् जाणवतं, म्हणजे पुढचा बुश (कॅम ज्यात फिरतो ती मऊ धातूची कडी) तरी नक्की गेलाय.

आता एक जण म्हणतो नुसता कॅम आणि तो एक टॅपेट बदल, ऑइल जाड टाक, चालेल. गाडी वडिलांची आहे, मला ती अजून दहा वर्षं चालवायचीय, त्यामुळे नीट काय ते सांगा. बुश न बदलता नवीन कॅम टाकला तर किती टिकेल?

पाना_१३
दादा, एक टॅपेट बदलायचा विचार आधी डोक्यातून काढा. नवीन कॅम तर आठही टॅपेट नवीन, यात तडजोड नाही. टॅपेटचा तळ सपाट दिसतो पण मधे अगदी किंचित फुगीर असतो, आणि लोबलाही (कॅमवरचा टॅपेट उचलणारा उंचवटा) एका बाजूला बारीक उतार दिलेला असतो, त्यामुळे टॅपेट वर-खाली होताना स्वतःभोवती फिरत राहतो आणि घासणं एकाच जागी होत नाही. जुना टॅपेट जुन्या लोबवर बसलेला असतो, नव्या लोबवर तो फिरत नाही, आणि फिरायचा थांबला की लोब खाल्लाच म्हणून समजा.

तुमचा क्लिअरन्स आठ दिवसांत का वाढायचा तेही यातच आलं. लोबचं नाक झिजल्याने क्लिअरन्स वाढत नाही, तो मोजतो आपण मागच्या गोल भागावर. टॅपेटचा तळ खड्डा पडत चालला होता म्हणून वाढायचा.

खरादवाला
२२ वर्षं ब्लॉक आणि हेडचं काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हा विचार करा की लोबवरचं आणि टॅपेटचं ते लोखंड गेलं कुठे? ऑइलमध्ये. फिल्टर बरंचसं पकडतो पण थंडीत ऑइल जाड असताना किंवा फिल्टर चोंदला की त्याचा बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल सरळ पुढे जातं. ते कण कॅमच्या बुशमध्ये, मेन बेअरिंगमध्ये, मऊ धातूत रुतून बसतात आणि शाफ्टला कानशीसारखे घासत राहतात. अशा बुशमध्ये नवा कॅम घालणं म्हणजे नव्या जर्नलवर (कॅमचा बुशमध्ये फिरणारा गोल भाग) जुनी कानस चालवणं.

दुसरं, १००० आरपीएमला निदान १० पीएसआय हा आपला ढोबळ हिशेब. गरम असताना २००० ला १८ म्हणजे काठाच्या खालीच. हे एकट्या कॅम बुशचं काम नसणार. चेंबर (खालचं ऑइलचं भांडं) उतरवा, मेन आणि बिगएंड या क्रँकच्या बेअरिंगचं एकेक कॅप खोलून प्लॅस्टिगेजची (दाबून चपटी होणारी, फट मोजायची) पट्टी ठेवून क्लिअरन्स बघा. जाड ऑइलने गेजवरचा आकडा वाढेल, मधली फट तेवढीच राहणार.

इंजिन उतरवावंच लागेल. मागच्या बुशच्या मागे ब्लॉकमध्ये एक बशीसारखा प्लग असतो, तो फ्लायव्हीलच्या आड, गिअरबॉक्स काढल्याशिवाय हात पोचत नाही. बुश घट्ट बसवलेले असतात, लांब रॉडवरच्या ड्रिफ्टने एकेक ठोकून बाहेर काढायचे आणि तसेच बसवायचे. बऱ्याच इंजिनात सगळे एका मापाचे नसतात, पुढून मागे लहान होत जातात, तर काढताना क्रम लिहून ठेवा.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या भोकात. बुशचं ऑइलचं भोक आणि ब्लॉकचं भोक समोरासमोर यायलाच पाहिजे. बसवताना बुश किंचित फिरला तर भोक अर्धं झाकलं जातं, बाहेरून काही कळत नाही, आणि तिथे कॅम कोरडा फिरून धरतो. प्रत्येक भोकातून तार घालून बघा, टॉर्च मारून बघा, मगच पुढे.

आणि ब्लॉक धुवायचा तो बुश बसवायच्या आधी. कॉस्टिकच्या गरम टाकीत बुशवरचा मऊ धातू खराब होतो. धुताना ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे) प्लग काढून आतून ब्रश मारा, नाहीतर जुना कीस पहिल्याच दिवशी नव्या बुशमध्ये येईल.

शेवटी कॅम घालताना पुढच्या भोकात लांब बोल्ट लावा, मूठ मिळते, लोबच्या कडा बुशला ओरखडा न मारता आत सरकवता येतात. बसल्यावर कॅम बोटांनी फिरला पाहिजे. अडकला तर जोर लावू नका, परत बाहेर.

लाल_इंजिन
खरादवाला साहेबांशी १००% सहमत. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे हाच प्रश्न होता आणि मी बुश तसेच ठेवून फक्त कॅम-टॅपेट टाकले. अकरा महिन्यांनी गरम आयडलला ऑइलचा दिवा लुकलुकायला लागला, खोलल्यावर नव्या कॅमच्या जर्नलवर रेघा पडलेल्या, बोट फिरवलं की कळत होत्या. सगळं परत.

त्यात आणखी एक सांगतो, दुसऱ्यांदा मी पहिल्या स्टार्टच्या वेळी घाबरून गेलो होतो कारण नवीन कॅमचे पहिले २० मिनिटंच सगळं ठरवतात. लोबला आणि टॅपेटच्या तळाला मॉलिब्डेनमची पेस्ट भरपूर लावा (जर्नलला साधं ऑइल पुरे). इग्निशन टायमिंग आधीच बसवा, कार्ब्युरेटर पेट्रोलने भरा, रेडिएटर भरा, म्हणजे सेल मारत बसावं लागणार नाही. ऑइल पंप आधी फिरवून प्रेशर येतंय हे बघता आलं तर उत्तम. आणि सुरू झालं की आयडलला सोडायचंच नाही, लगेच २०००-२५०० वर न्यायचं आणि २०-३० मिनिटं थोडं वर-खाली करत ठेवायचं. लोबवर ऑइल क्रँकवरून उडून येतं, आणि कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, आयडलला पुरेसं उडतच नाही. गळती दिसली तर इंजिन बंद करा, दुरुस्त करा, परत सरळ २००० वर. नंतर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, फिल्टर कापून आत काय चमकतंय ते बघा.

ऑइल झिंक-फॉस्फरस जास्त असलेलं घ्या. २००४ ला एपीआय एसएम (ऑइलच्या दर्जाचं मानक) आलं तेव्हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचवायला हलक्या ग्रेडमध्ये फॉस्फरस ०.०८ टक्क्यांवर आणलं, आणि अशा घासणाऱ्या टॅपेटला तेच लागतं.

ओव्हरहेड_वाला
इथे वाचणाऱ्या ज्यांचा कॅम वर हेडमध्ये आहे त्यांच्यासाठी थोडं. अशा इंजिनात बऱ्याचदा बुशच नसतात, कॅम थेट अॅल्युमिनियममध्ये फिरतो. कॅप हेडसोबतच बोअर केलेल्या असतात, त्यामुळे नंबर आणि दिशा बदलायची नाही, दुसऱ्या हेडची कॅप तर चालतच नाही. बोल्ट एकेक पूर्ण काढू नका, सगळे थोडेथोडे सैल करा, नाहीतर एका बाजूने स्प्रिंग दाबत असताना कॅम मोडतो.

टक_टक_टॅपेट
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी इंजिन उतरवलं. तिसरा कॅम बुश एका बाजूला पूर्ण उघडा पडलाय, करडा थर जाऊन खालचा धातू दिसतोय. दोन नंबरच्या मेन बेअरिंगलाही तांबूस पट्टा आलाय, म्हणजे कीस तिथपर्यंत पोचला होता. क्रँक मापायला दिलाय. गॅलरीचे प्लग काढले, एक गरम करून मारल्यावरच निघाला, त्यामागून चिमूटभर काळा चिखल आला आणि त्यात चुंबक घातला तर चिकटला. ब्लॉक उद्या धुवायला जातोय, बुश त्यानंतर.