इत्तेफाक (१९६९): शेवट माहीत असला तरी दम टिकतो का?

माडाखालचा, देवगड
परवा रात्री पाऊसवारा असा की झावळ्या कौलांवर आपटत होत्या, लाईट जाणार हे दिसतच होतं म्हणून मोबाईल फुल चार्ज करून ठेवला आणि 'इत्तेफाक' लावला, यश चोप्रांचा, राजेश खन्ना-नंदा वाला. पाचव्यांदा असेल. बायकोच्या खुनाचा आरोप असलेला चित्रकार वेड्यांच्या हॉस्पिटलातून पळतो आणि रात्री एका घरात घुसतो, आत बाई एकटीच. बस्स एवढंच, पुढे जवळजवळ सगळा पिक्चर त्याच घरात, गाणं एकही नाही, पावणेदोन तासांत खेळ खलास. त्याच वर्षीच्या 'आराधना'तला गोड राजेश खन्ना आठवा आणि हा तारवटलेल्या डोळ्यांचा माणूस बघा! इतकी घट्ट पटकथा हिंदीत फार कमी वेळा जमली.

खाडीपलीकडचा
पहिल्यांदा मीही श्वास रोखून बघितला, मान्य. पण दुसऱ्यांदा लावला आणि अर्ध्यात बंद केला, कोण काय लपवतंय ते कळलं की उरतं काय? शेवटी तर बरंचसं नुसतं बोलून उलगडतात. मुळात 'धुम्मस' या गुजराती नाटकावरून घेतलाय तो, म्हणून दिवाणखाना सोडून कॅमेरा फारसा हलतच नाही.

वेंगुर्ल्याची
माका ह्या पटाक नाय. नाटकावरून आला म्हणून काय झालं, बाथरूमचं दार उघडतं तेव्हा आत काय असेल या धास्तीने मी अजून पाय वर घेऊन बसते, आणि गाणी नसली तरी सलील चौधरींचं पार्श्वसंगीत आहे की! फक्त डॉक्टर आणि वेडेपण दाखवलंय ते आज बघताना खटकतं, ते मात्र जुनं झालंय.

माडाखालचा, देवगड
@खाडीपलीकडचा, जत्रेत दशावतार बघतोस ना? संकासुर मरणार हे कडेवरच्या पोरालाही माहीत असतं, तरी पहाटेपर्यंत कोणी उठतं का? दुसऱ्यांदा बघताना राजेश खन्नाला सोड, फक्त नंदाकडे बघ. ती कधी गप्प होते, कुठे नजर चुकवते, कुठला प्रश्न ऐकून न ऐकल्यासारखं करते. पहिल्या वेळी तिचं घाबरणं एका कारणाचं वाटतं, नंतर तेच सीन वेगळेच दिसायला लागतात, आणि लिहिणाऱ्याने कुठेही फसवलेलं नाही, सगळं डोळ्यांसमोर ठेवलेलं होतं.

वेंगुर्ल्याची
अरे हळू, ज्यांनी बघितला नाही त्यांचा विचार करा!!

खाडीपलीकडचा
दशावताराचं उदाहरण नाही चालणार. तिथे गोष्ट जुनी असली तरी नट संवाद उभ्या उभ्या रचतात, काल कुडाळात ऐकलेलं आज मालवणात तसंच ऐकू येणार नाही. रीळ तेच राहतं. पण नंदाचं तू म्हणतोस ते मी बघितलं नव्हतं, माझं सगळं लक्ष त्याच्याकडेच होतं. शनिवारी लाईट राहिली तर परत लावतो. शेवटच्या उलगड्याबद्दल मात्र मी हटणार नाही.