बाबांच्या अँपला कोणते स्पीकर जुळतील? (स्विफ्ट, इंदूर–देवास रोजची ये-जा)

काळी_चार:

नमस्कार. मी इंदूरला टिळकनगरात राहते आणि देवासच्या एका शाळेत गाणं शिकवते. जाऊन-येऊन रोज सत्तर किलोमीटर गाडी चालते. घरी स्वयंपाक, शिकवण्या, सासूबाईंची औषधं. निवांत ऐकायला मिळतं ते गाडीतच.

गाडी २०१३ची स्विफ्ट. मार्चमध्ये बाबांनी त्यांची जुनी गाडी विकली, तेव्हा सीटखालचा अँप्लिफायर काढून ठेवला आणि मला दिला. "गाडी गेली तरी चालेल, हा घरातच राहू दे," म्हणाले. चार चॅनेलचा आहे. पट्टीवर लिहिलंय: ४ ओहमला ४५ वॉट आरएमएस × ४, २ ओहमला ६० × ४, ब्रिज केल्यास ४ ओहमला १२० × २. अँप बसवून घेतला, पण स्पीकर गाडीबरोबर आलेलेच आहेत. आवाज जरा वाढवला की सतार पत्र्यासारखी वाजते, डग्ग्याचा नुसता धप्प आवाज येतो. तानपुरा तर नाहीसाच होतो. माझ्यासाठी तो नसेल तर पुढचं सगळं अधांतरी.

एका दुकानात डब्यावर ४०० वॉट छापलेले स्पीकर दाखवले. दुसऱ्या दुकानात म्हणाले, अँप ब्रिज करून देतो, दुप्पट वाजेल. मला दुप्पट नको, स्वच्छ हवंय. बजेट ८ हजार. काय बघून घ्यायचं?

मल्हारगंज:

ताई, ४०० वॉट हा क्षणभराचा आकडा असतो, तो सोडा. डब्याच्या मागे बारीक अक्षरात आरएमएस, म्हणजे सतत पेलणारे वॉट, लिहिलेलं असतं, तेवढंच वाचा. आणि कोॲक्सियल न घेता कंपोनंट घ्या. कोॲक्सियलमध्ये ट्वीटर, म्हणजे उंच स्वरांचा छोटा स्पीकर, मोठ्या स्पीकरच्या मधोमध, म्हणजे तुमच्या गुडघ्यापाशी येतो. कंपोनंटचा ट्वीटर वेगळा असतो, तो आरशामागच्या तिकोनी पट्टीवर बसवता येतो. मग गवई समोर बसल्यासारखा वाटतो.

तांब्याची_तार:

ताई, मी २२ वर्षं अँप दुरुस्त करतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ओहम, म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा, बघा. तुमच्या अँपला ४ ओहमचे स्पीकर घ्या, एका चॅनेलला एक. ब्रिज, म्हणजे दोन चॅनेल जोडून एक, करू नका. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला स्पीकरचा निम्मा ओहमच दिसतो. ४ ओहम जोडला तर अँप २ ओहमवर चालल्यासारखा तापतो. त्यात बाजारात ३ ओहमचेही स्पीकर मिळतात. ते कुणी ब्रिजवर जोडले तर तुमच्या बाबांचा अँप मे महिन्यात दम टाकेल. पट्टीवर ब्रिजसाठी फक्त ४ ओहमचाच आकडा आहे, हे ध्यानात ठेवा.

मग वॉट. अँप ४५ देतो, तर ५० ते ७५ आरएमएसचा स्पीकर सुखात चालेल. आकडे तंतोतंत जुळायची गरज नाही. स्पीकर जास्त वॉटचा घेतला म्हणून बेस वाढत नाही, आणि अँप लहान आहे म्हणून स्पीकर जळतही नाही. अँपला त्याच्या ताकदीपलीकडे ढकललं की लाटेचे माथे कापले जातात. त्या चपट्या माथ्यांतली वरची ऊर्जा थेट ट्वीटरवर जाते, आणि जळतो तो त्यानेच. तुमची सतार पत्र्यासारखी वाजते त्यामागे मला हेच दिसतं. कुणीतरी गेन (अँपमध्ये येणारा सिग्नल किती वाढवायचा त्याची खुंटी) पूर्ण फिरवून ठेवला असणार.

तिसरी गोष्ट दुकानदार सांगत नाहीत, ती म्हणजे सेन्सिटिव्हिटी. एक स्पीकर ८८ डेसिबलचा आणि दुसरा ९१चा असेल, तर दुसऱ्याला तेवढ्याच आवाजासाठी निम्मे वॉट पुरतात. तुमचे ४५ वॉट तिथे ९० वॉटचं काम करतात. ब्रिज करून जे मिळवायचं, ते इथे तारेला हात न लावता मिळतं. ९०च्या वरचाच घ्या. मात्र एक कंपनी १ वॉटवर मोजते आणि दुसरी २.८३ व्होल्टवर. ४ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॉट, तिथे आकडा आपोआप ३ने फुगतो. तेवढं तपासून घ्या.

गेन असा लावा: स्पीकरच्या तारा सोडवा, अँपचा फिल्टर (ठरावीक हर्ट्झच्या खालचे स्वर कापतो तो) बंद करा, स्टिरिओचे बेस-ट्रेबल शून्यावर ठेवा. १०० हर्ट्झचा टेस्ट टोन लावून स्टिरिओचा आवाज पाऊणपर्यंत न्या. मल्टिमीटर एसीवर ठेवून अँपच्या आउटपुटला लावा. ४५ गुणिले ४ म्हणजे १८०, त्याचं वर्गमूळ १३.४. तेवढे व्होल्ट दिसेपर्यंतच गेन फिरवा. १००चा टोन मुद्दाम सांगतो, कारण साधं मल्टिमीटर वरच्या स्वरांना चुकीचं दाखवतं.

बॅटरीची तार कुठली आहे? अस्सल तांब्याची ८ गेज हवी, आणि फ्यूज बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत.

काळी_चार:

दादा, तुमचं बरोबर निघालं. भाच्याकडून मल्टिमीटर आणला. गेन जवळपास शेवटाला होता, १९ व्होल्टच्या वर काटा गेला. आता १३.४वर आहे आणि त्याच जुन्या स्पीकरांवर सतार सतारीसारखी वाजते! तार ८ गेजची आहे, पण फ्यूज सीटखाली होता. कालच बॅटरीपाशी बसवून घेतला. तार मध्येच घासली असती तर काय झालं असतं, या विचाराने रात्री झोप लागली नाही.

फिल्टर ८० हर्ट्झवर ठेव असं भाचा म्हणतो. ठेवू का?

रावपुरा_बडोदा:

ताई, मी बडोद्याचा, तबला वाजवतो, म्हणून या प्रश्नावर राहवलं नाही. पुरुषी तानपुरा काळी एकला लावला तर जोड (मधल्या दोन तारा) साधारण १३९ हर्ट्झवर आणि खर्ज (सर्वांत खालची तार) त्याच्या निम्म्यावर, ६९. फिल्टर ८०वर ठेवला तर खर्जाचा पाया उतरतो. पण जवारीमुळे, म्हणजे घोडीवर तार घासून येणाऱ्या झणकारामुळे, तानपुऱ्यात वरचे स्वर इतके भरलेले असतात की कान तो खर्ज स्वतः भरून काढतो. डग्ग्याचं तसं नाही. घिस्सा आणि मींड (डग्ग्यावर तळवा सरकवून काढलेला लवचिक नाद) हवी असेल तर खालचं हवंच. साडेसहा इंची चांगला स्पीकर ६०पर्यंत उतरू शकतो, पण दार बंद डब्यासारखं असेल तरच. आतल्या पत्र्याला मोठी भोकं असतात, त्यांतून मागची लाट पुढे येऊन पुढच्या लाटेला खाते. ती भोकं ब्युटाइलच्या शीटने बुजवा. डांबरी शीट लावू नका, उन्हात वितळून खाली ओघळते. मग ६०वर ठेवून ऐका.

ट्वीटर रेशमी डोमचाच घ्या. जुन्या मैफलींच्या ध्वनिमुद्रणांत खरखर असते, धातूचा डोम ती टोचून दाखवतो.

मल्हारगंज:

आणि काच पूर्ण खाली घेऊन स्पीकरमागची खोली मोजा, नाहीतर चुंबकाला काच अडते. माझ्या स्विफ्टमध्ये लाकडी रिंग घालावी लागली होती.

काळी_चार:

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. ६० वॉट आरएमएस, ४ ओहम, १ वॉटला ९१ डेसिबल, रेशमी ट्वीटर, ७,२०० रुपये. दारांच्या शीटचे पैसे वेगळे लागले, बजेट मोडलं, पण खरा फरक त्या शीटनेच पडला. फिल्टर ६०वर आहे. मागचे दोन चॅनेल मोकळेच ठेवलेत.

रविवारी बाबांना घेऊन देवासला गेले. त्यांच्याच संग्रहातली एका मैफलीची कॅसेट मी उतरवून घेतली होती, ती लावली. चाळीस वर्षं ऐकतायत ते ती. क्षिप्रेच्या पुलापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "जरा मागे घेऊन पुन्हा लाव. डावीकडच्या तानपुऱ्याची जोड उतरली आहे, ऐकलंस?"

मी मागे घेऊन पुन्हा लावलं. खरंच उतरली होती.