सक्युलंटची पानं लिबलिबीत झाली? अनुभव लिहा

पानफुटी
काल शेजारच्या ग्रिलमधल्या एचेवेरियाची (जाड पानांत पाणी साठवणारं सक्युलंट रोप) खालची पानं बोट लागताच गळून पडली आणि मागचे सगळे पावसाळे आठवले. पान मऊ लागलं की माणूस आधी पाणी घालतो आणि रोप तिथेच हातचं जातं. म्हणून हा धागा. काय बघता, काय करता, नेमकं लिहा.

सुरुवात मी करते. पान दोन बोटांत धरून हलकेच दाबायचं. पिवळट, फुगलेलं, काचेसारखं आरपार दिसतंय आणि दाबल्यावर पाणी सुटतंय, तर पाणी जास्त झालंय. पातळ, सुरकुतलेलं, चामड्यासारखं वाकतंय पण रंग शाबूत आहे, तर तहान. अगदी तळाची एकदोन पानं कागदासारखी वाळली असतील तर ते वयानं होतं, काढून टाका.

मात्र मुळं कुजली की पाणी वर चढतच नाही. मग कुंडी ओली असूनही पानं सुरकुततात आणि आपण तहान समजून आणखी पाणी घालतो. त्यामुळे आधी माती तपासा. अगरबत्तीची उरलेली काडी तळापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढायची. काडी गार लागली किंवा माती चिकटून आली तर पाणी बंद.

वीटवाळू
नर्सरीतून रोप येतं तेच नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) नाहीतर लाल चिकणमातीच्या गोळ्यात. वरून कोरडं, मधला गोळा कितीतरी दिवस ओला. आणल्यावर लवकरात लवकर गोळा सोडवा, काळी पिचकी मुळं कापा, रोप दोनतीन दिवस सावलीत उघडं ठेवा, मग लावा.

माझं मातीच्या मिश्रणाचं प्रमाण : विटांचे ३ ते ५ मिमीचे तुकडे ४ भाग, जाडी वाळू २, कोकोपीट २, चाळलेलं गांडूळखत १. विटांची भुकटी चाळून टाकायचीच, ती राहिली की सगळं सिमेंटसारखं बसतं. समुद्राची वाळू नको, मीठ असतं. कुंडीला भोक हवंच, आणि कुंडी मुळांपेक्षा बोटभरच मोठी.

ग्रिलवाली
तळाला खडी घातली तर चालेल ना? सगळे घालतात.

वीटवाळू
नको ताई. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, खडीच्या वरच अडकून राहतं. म्हणजे ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा ठेवा, पुरे.

छाटणी
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. खोड बुंध्यापासून काळं पडलं असेल तर पाणी बंद करून भागत नाही, कापावंच लागतं. ब्लेड स्पिरिटने पुसा. वरून निरोगी भाग राखून काप घ्या आणि कापलेली चकती नीट बघा. मध्ये तपकिरी ठिपका किंवा कडी दिसली तर आणखी वर कापा, प्रत्येक कापाआधी ब्लेड पुन्हा पुसा. चकती सगळीकडून हिरवट पांढरी दिसेपर्यंत थांबू नका. मग शेंडा सावलीत, वाऱ्यावर. उन्हाळ्यात चारपाच दिवसांत खपली धरते, पावसाळ्यात दहा दिवसही लागतात. खपली धरल्यावर कोरड्या मिश्रणावर टेकवायचा आणि मुळं दिसल्यावरच पाणी. घट्ट पानं खोडाजवळच्या टोकासकट अख्खी निघाली तर वेगळी ठेवा, त्यांना पिल्लं येतात. आरपार झालेली पानं टाकून द्या.

जास्वंदप्रेमी
अरेरे, इतकं जपूनही जातात. माझ्या जास्वंदीवर पांढरा कापूस आलाय, तो सक्युलंटवर जाईल का?

छाटणी
जाईल. पिठ्या ढेकूण आहे तो. जास्वंद आधी लांब हलवा. मुळांतही लपतो, तेव्हा पानं विनाकारण मऊ पडतात. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपा. एचेवेरियावरची पांढरी पावडर मात्र पुसू नका, ते तिचं ऊन झेलायचं कवच आहे.

किनाऱ्यावरून
मुंबई-ठाण्याकडच्यांसाठी. बहुतेक सक्युलंट पानांची छिद्रं दिवसा मिटून रात्री उघडतात. आपल्याकडे पावसाळी रात्रीही हवा दमट आणि उबदार, त्यामुळे पान पाणी सोडत नाही, कुंडी वाळत नाही. एचेवेरियाच्या बऱ्याच जाती मेक्सिकोच्या थंड डोंगराळ भागातल्या, त्यांना हे अजिबात मानवत नाही. जून ते सप्टेंबर छपराखाली, भिंतीपासून सुटं, वारा खेळेल असं ठेवा. पाणी तारखेवर नाही, काडीवर. हॉवर्थिया, गॅस्टेरिया, सॅन्सेवेरिया इथे कितीतरी सोशिक.

पानफुटी
अगदी! आणि पाणी घालाल तेव्हा तळातून वाहीपर्यंत घाला, बशी रिकामी करा. रोज चमचाचमचा घातलं की वरची माती सतत ओली राहते आणि खालची मुळं कोरडी.

न्यू जर्सीहून
इकडे उलटा प्रकार. बाहेर राहिलेल्या कुंडीवर एका रात्री दहिवर गोठलं की पेशींतलं पाणी गोठतं, पेशी फाटतात आणि दुसऱ्या दिवशी पान आरपार, लिबलिबीत. पाणी जास्त घातल्याशी संबंध नाही. रात्र ५ अंश सेल्सिअसखाली जायच्या आत कुंड्या घरात.

ग्रिलवाली
बुरशीनाशक मारू का? आणि विटांचे तुकडे कुठे मिळतात?

छाटणी
कुजलेला भाग औषधानं परत येत नाही. कापल्यावर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक २ ग्रॅम १ लिटर पाण्यात, शेंडा त्यात बुडवून लगेच वाळवायचा. हातमोजे घाला. घाण वास येत असेल तर जिवाणूची सड, रोप मातीसकट टाका.

वीटवाळू
बांधकामावर फुटक्या विटा विचारा, देतात. पोत्यात घालून हातोडीनं फोडा, कपच्या उडत नाहीत.

ग्रिलवाली
आभार सगळ्यांचे! ऊन पडलं की बाहेर काढते.

किनाऱ्यावरून
एकदम नको! ढगांत वाढलेलं पान ऑक्टोबरच्या उन्हात दोन दिवसांत भाजतं. आधी सकाळचं तासभर, मग दर तीनचार दिवसांनी थोडं वाढवत.