डाउनटाउनचा धंदा, रिकामी कार्यालये आणि पायरीवर झोपणारे गृहस्थ

वसुधा_क (प्रश्न)

नमस्कार. सॅन फ्रान्सिस्कोच्या डाउनटाउनमध्ये, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती कार्यालयीन भागात, मार्केट स्ट्रीटच्या दक्षिणेला, माझा आणि माझ्या भावजयीचा दुपारच्या जेवणाचा एक लहानसा गाळा आहे. २०१६ मध्ये सुरू केला तेव्हा बारा ते दीड या वेळेत रांग दाराबाहेर जात असे. आज आमची आठवड्याची विक्री २०१९ च्या तुलनेत जेमतेम निम्मी आहे. आमच्या रस्त्यावरील व्यापाऱ्यांच्या गटाने महापालिकेला पाठवण्यासाठी एक पत्र तयार केले असून त्यावर मी या महिनाअखेरपर्यंत सही करावी, अशी अपेक्षा आहे. पत्राचा आशय असा की, पदपथावरील बेघरांना हटवल्याशिवाय डाउनटाउनचे पुनरुज्जीवन होणे शक्य नाही. त्यासोबतच स्वच्छता आणि पहारा यांसाठी मालमत्तांवर वाढीव वर्गणी लावण्याचाही प्रस्ताव आहे.

मला या प्रश्नाची झळ बसत नाही, असे मुळीच नाही. आमच्या पायरीवर साठीच्या पुढचे एक गृहस्थ रात्री झोपतात. सकाळी साडेसहाला शटर उघडण्यापूर्वी मी किल्ल्यांचा जुडगा वाजवते. ते उठून पुठ्ठा गुंडाळतात, मान हलवतात आणि समोरच्या बसथांब्यावर जाऊन बसतात. मग मी नळी लावून पायरी धुते, आणि आठवड्यातून एकदोनदा तरी नुसते पाणी पुरत नाही. गेल्या दोन वर्षांत काच दोनदा फुटली. विम्यात आधी स्वतः भरायची रक्कम काचेच्या किमतीपेक्षा जास्त असल्याने दोन्ही वेळा खर्च आमच्या खिशातून गेला. काच कोणी फोडली हे मला माहीत नाही, आणि त्या गृहस्थांनी फोडली नाही याची मात्र खात्री आहे.

माझा प्रश्न भावनेचा नसून हिशेबाचा आहे. धंदा निम्म्यावर आला, यातला किती भाग बेघरपणामुळे आणि किती इतर कारणांमुळे, हे वेगळे काढता येते का? ज्यांनी या विषयावर काम केले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

ताळेबंद

वसुधाताई, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या जमाखर्चाशी माझा बरीच वर्षे संबंध आला असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम दोन आकडे शेजारी शेजारी ठेवा. शहराच्या एका रात्रीच्या शिरगणतीत २०१९ साली एकूण ८,०३५ बेघर मोजले गेले आणि त्यांपैकी ५,१८० जण कोणत्याही निवाऱ्याविना उघड्यावर होते. २०२२ च्या गणतीत उघड्यावर असलेल्यांची संख्या ४,३९७ झाली, म्हणजे सुमारे पंधरा टक्क्यांनी घटली. याच काळात डाउनटाउनमधील रिकाम्या कार्यालयीन जागेचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास होते ते झपाट्याने वाढत गेले आणि २०२३ मध्ये तीस टक्क्यांच्या पुढे गेले. उघड्यावरची माणसे कमी झाली आणि कार्यालये ओस पडली, असे दोन्ही एकाच वेळी घडले असेल, तर पहिल्या गोष्टीला दुसरीचे मुख्य कारण म्हणता येणार नाही. एका रात्रीची गणती ढोबळ असते हे मान्य केले, तरी दिशा पुरेशी स्पष्ट आहे. कार्यालये रिकामी झाली ती घरून काम करण्याच्या सवयीमुळे, आणि या शहरात संगणक क्षेत्राचा वाटा इतका मोठा होता की ती सवय इथे सर्वांत खोल रुजली. रस्ते ओस पडल्यावर जे उरले ते अधिक ठळक दिसू लागले, एवढेच.

याची चाचणी तुम्हाला स्वतःच्या वहीत घेता येईल. विक्रीची वारवार विभागणी करा. मंगळवार ते गुरुवारची विक्री बऱ्यापैकी सावरली असेल आणि सोमवार, शुक्रवार पडलेले असतील, तर कारण कार्यालयीन हजेरीचे आहे, कारण तुमच्या पायरीवरचे गृहस्थ सोमवारीही तिथेच असतात.

परंतु एवढ्यावर थांबलो तर व्यापाऱ्यांच्या गटावर अन्याय होईल. डाउनटाउनमध्ये येणारी माणसे दोन प्रकारची असतात: ज्यांना यावेच लागते ती, आणि ज्यांना न येण्याची मुभा असते ती. नोकरदार पहिल्या प्रकारात मोडतो. पायरी ओलांडूनही तो जेवायला येतो. पर्यटक, नाटकाला येणारे कुटुंब, अधिवेशन कुठे भरवायचे हे ठरवणारी संस्था हे सर्व दुसऱ्या प्रकारात येतात, आणि रस्त्याच्या अवस्थेचा परिणाम त्यांच्यावर खरोखर होतो. ओरॅकल या संगणक कंपनीने आपले वार्षिक अधिवेशन इथून लास वेगासला हलवत असल्याचे २०१९ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झाले, तेव्हा कारणांमध्ये हॉटेलांच्या चढ्या दरांबरोबर रस्त्यांच्या स्थितीचाही उल्लेख होता. ही घटना महासाथीपूर्वीची आहे, हे लक्षात घ्यावे. अधिवेशन गेले की सुमारे चौदा टक्के दराने मिळणारा हॉटेल कर जातो, टॅक्सीवाल्याचे भाडे जाते, आणि संध्याकाळी उघडी राहणारी उपाहारगृहे आठ वाजता शटर ओढू लागतात. आता गंमत अशी, की कार्यालयांची गर्दी परत येणार नाही असे गृहीत धरून शहर जी नवी योजना आखत आहे, तिचा भर निवास, करमणूक आणि पर्यटन यांवर, म्हणजे नेमका या दुसऱ्या प्रकारच्या माणसांवर आहे. त्यामुळे डाउनटाउन कोसळण्यात बेघरपणाचा वाटा लहान असला, तरी ते पुन्हा उभे करण्याच्या मार्गात त्याचा अडसर मोठा ठरू शकतो. तुमच्या पत्रात या दोन गोष्टींची गल्लत झालेली दिसते.

दुकाने बंद होण्याची जी कारणे जाहीर केली जातात, त्यांकडेही सावधपणे पाहावे. मार्केट स्ट्रीटवरील होल फूड्स या किराणा कंपनीचे मोठे दुकान २०२२ च्या मार्चमध्ये उघडले आणि कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेचे कारण देऊन २०२३ च्या एप्रिलमध्ये बंद झाले. तिथे अडचण खरी असावी. याउलट, वॉलग्रीन्स या औषधविक्री कंपनीने २०२१ मध्ये शहरातील पाच दुकाने चोऱ्यांचे कारण सांगून बंद केली, आणि सव्वा वर्षाने, जानेवारी २०२३ मध्ये, कंपनीच्या वित्तप्रमुखांनीच आपण या बाबतीत जरा जास्तच ओरड केली असावी, अशी कबुली दिली.

आडवाट

मी लॉस एंजेलिसला राहतो. बेघर माणसे हटल्याशिवाय पुनरुज्जीवन अशक्य, या विधानाला आमच्या शहराचा इतिहासच उत्तर देतो. १९७६ मध्ये इथल्या प्रशासनाने स्किड रो नावाच्या सुमारे पन्नास चौकांच्या भागात निवारे, अन्नछत्रे आणि स्वस्त खोल्या एकवटून ठेवण्याचे धोरण स्वीकारले. पुढे १९९९ मध्ये जुन्या बँका आणि कार्यालयांच्या इमारतींचे घरांत रूपांतर करण्याचे नियम सोपे केले गेले, आणि हजारो माणसे उघड्यावर झोपत असलेल्या त्या भागापासून पायी दहा मिनिटांच्या अंतरावर, पुढील दोन दशकांत डाउनटाउनची लोकवस्ती कित्येक पटींनी वाढली. हे चित्र सुंदर आहे असे मी म्हणत नाही. काचेच्या बाहेर तंबू आणि काचेच्या आत आठ डॉलरची कॉफी, हे रोज पाहून माणसाला हळूहळू काहीच वाटेनासे होते, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते. पण गुंतवणूक थांबली नव्हती.

भायखळेकर

आमच्या लहानपणी भायखळ्याच्या पदपथावर राहणारी कुटुंबे पहाटे भाजी बाजारात आणि गोदामांत हमालीला जात असत. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले होते, की ही माणसे पदपथावर राहतात कारण त्यांचे काम जवळ आहे, आणि उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो. (झोपड्या पाडायला मात्र पावसाळ्यानंतर परवानगी मिळालीच.) मुंबईत पदपथावरची माणसे बाजाराचा भार वाहत होती. अमेरिकेतील बेघर मात्र अर्थव्यवस्थेच्या बाहेर फेकले गेलेले आहेत, त्यामुळे ही तुलना तिथे लागू पडत नसावी, असे वाटते.

निशिगंध

भायखळेकर, तुलना तुम्हाला वाटते तेवढी दूरची नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या २०२२ च्या सर्वेक्षणात सुमारे सत्तर टक्के बेघरांनी घर गमावण्यापूर्वी आपण याच शहरात राहत होतो, असे सांगितले होते. वसुधाताईंचा गाळा ज्या भागात आहे, त्याच भागात एके काळी महिन्याच्या भाड्याने एकेक खोली देणारी डझनावारी हॉटेले होती आणि त्यांत निवृत्त खलाशी, गोदी कामगार, एकटी वृद्ध माणसे राहत होती. तो त्या काळच्या बंदराचा कामगारवर्गच होता. 'डाउनटाउन पुनर्विकास' या नावाखाली साठ-सत्तरच्या दशकांत ती हॉटेले पाडण्यास सुरुवात झाली. रहिवाशांनी १९६९ मध्ये संघटना काढून न्यायालयात धाव घेतली आणि १९७३ च्या तडजोडीत त्यांना काही पर्यायी घरे मिळालीही. परंतु १९७५ ते १९८० या काळात शहरभर मिळून अशा सहा हजारांहून अधिक खोल्या नाहीशा झाल्या, तेव्हा कुठे १९८१ मध्ये उरलेल्या खोल्यांचे संरक्षण करणारा कायदा आला. त्याच वर्षाच्या अखेरीस मोकळ्या केलेल्या जमिनीवर मॉस्कोनी अधिवेशन केंद्र उघडले. आज ज्या अधिवेशनांचे आयोजक रस्त्यावरच्या माणसांबद्दल तक्रार करतात, ती अधिवेशने त्या पाडलेल्या खोल्यांच्या जागेवर भरतात.

बेघरपणाचे मूळ व्यसन आणि मानसिक आजार यांत आहे, असे सर्रास म्हटले जाते. या गोष्टी माणसाला रस्त्यावर खिळवून ठेवतात, हे खरे आहे. मात्र अमली पदार्थांच्या अतिसेवनाने होणाऱ्या मृत्यूंत देशात अग्रभागी असलेल्या वेस्ट व्हर्जिनियात बेघरांचे प्रमाण कॅलिफोर्नियाच्या मानाने फारच कमी आहे, कारण तिथे घरभाडे परवडते. माणसांना रस्त्यावरून हटवणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. २०२४ च्या जूनमधील अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या ग्रँट्स पास निकालानंतर निवारा उपलब्ध नसतानाही उघड्यावर झोपण्यास दंड करण्याची मुभा शहरांना मिळाली आहे; पण दंड झालेला माणूस एका चौकातून दुसऱ्या चौकात जातो, आणि वसुधाताईंच्या पायरीऐवजी दुसऱ्या कोणाची तरी पायरी धुवावी लागते.

घर दिल्याने सरकारचा पैसा वाचतो, असा दावा आमच्या बाजूचे लोकही उत्साहाच्या भरात करतात, तेव्हा मला संकोच वाटतो. डेन्व्हर शहरात २०१६ पासून चिठ्ठी टाकून निवडलेल्या बेघरांना घर आणि मदत देण्याचा प्रयोग झाला. २०२१ मध्ये निष्कर्ष आले, ते असे की अटकांचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाले आणि पोलीस, तुरुंग, रुग्णालये यांवरील बचतीतून घराच्या खर्चाचा साधारण निम्मा भाग भरून निघाला. उरलेला निम्मा समाजाला द्यावाच लागतो. तो खर्च आहे असे स्वच्छपणे सांगावे.

वसुधा_क

आपणा सर्वांचे आभार. रविवारी मी आणि भावजय वह्या घेऊन बसलो. मंगळवार, बुधवार, गुरुवार या तीन दिवसांची विक्री २०१९ च्या सुमारे सत्तर टक्क्यांवर आली आहे. सोमवार तिसाच्या आसपास, आणि शुक्रवारी तर कधीकधी बोहनी साडेबाराला होते. धुलाई, काचा, आणि हिवाळ्यात अंधार पडल्यावर मदतनीस मुलीला टॅक्सीने घरी पाठवण्याचा खर्च वेगळा काढला, तर तो वर्षाच्या विक्रीच्या दोन टक्क्यांच्या आत बसतो. आमच्या नफ्याच्या मानाने ही रक्कम लहान नाही, पण निम्मा धंदा तिने खाल्ला, असेही म्हणता येत नाही. संध्याकाळी गाळा उघडा ठेवण्याचा प्रयत्न आम्ही २०२३ मध्ये दोन महिने केला होता आणि तो फसला. तो मात्र, ताळेबंद म्हणतात त्या 'न येण्याची मुभा असलेल्या' गिऱ्हाइकांमुळेच फसला, असे आता वाटते.

पत्रावर सही करणार नाही, असे गटाला कळवले आहे. वाढीव वर्गणीबद्दल मात्र मन अजून ठरत नाही. स्वच्छतेची माणसे सकाळी सहाला आली, तर माझा अर्धा तास वाचेल.

ताळेबंद

वर्गणीबद्दल ठरवण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. या वर्गणीवर मत मालमत्तेच्या मालकांचे घेतले जाते, भाडेकरूचे नाही. परंतु कर, विमा आणि देखभाल भाडेकरूने द्यावी अशा प्रकारचा तुमचा करार असेल, तर मत मालकाचे आणि बिल तुमचे, असा प्रकार होतो. करारातील ते कलम काढून पाहा. दुसरे असे, की २०१८ च्या मतदानाने मंजूर झालेला बेघरांसाठीचा कर वर्षाला कोट्यवधी डॉलरची उलाढाल असलेल्या मोठ्या कंपन्यांवर आहे. डाउनटाउन आकसले की त्या निधीची आवकही आकसते, आणि निवाऱ्याची गरज त्याच वेळी वाढलेली असते. मालमत्ता कराचेही तसेच. कॅलिफोर्नियात तो १९७८ पासून खरेदीच्या किमतीला बांधलेला आहे, आणि कॅलिफोर्निया स्ट्रीटवरील ३५० क्रमांकाची जी इमारत २०२० च्या सुमारास तीस कोटी डॉलरच्या घरात जाईल असे मानले जात होते, ती २०२३ मध्ये सहा-सात कोटींच्या दरम्यान विकली गेली. शहराची अशी आवक घटल्यावर सफाईचे जे काम आज महापालिका करते, तेच उद्या वर्गणीच्या नावाने तुमच्याकडे सरकू शकते. म्हणून सभेत एवढेच विचारा, की महापालिका आज या रस्त्यावर किती फेऱ्या मारते आणि वर्गणी सुरू झाल्यावर त्या तेवढ्याच राहतील, असे ती लिहून देणार आहे का.

वसुधा_क

करार काढून पाहिला. कलम आहे. सभा गुरुवारी आहे. फेऱ्यांचा प्रश्न विचारते आणि काय उत्तर मिळाले ते इथे लिहिते.